स्वतःवरचा भरवसा कसा वाढवायचा: सुरुवात दोन नारळांपासून

माझी भाची बारावीनंतर पुण्याला शिकायला जाणार होती, त्याच्या आदल्या महिन्यात तिने मला विचारलं, मावशी, तू बँकेत जातेस, ऑफिसात जातेस, गिऱ्हाइकांशी बोलतेस, एवढा कॉन्फिडन्स कुठून येतो ग, मला तर अनोळखी नंबरचा फोन उचलायला पण धडधड होते. तिला तेव्हा जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहिते, कारण आपल्याकडे वाडी-वाडीत अशी हुशार मुलं-मुली आहेत ज्यांना सगळं येतं पण चारचौघांत तोंड उघडत नाही.

आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजूला पोरं पोहायला शिकतात ती मे महिन्यात, विहिरीत नाहीतर तळीत, पाठीला दोन सुके नारळ बांधून. सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, न काढलेले नारळ, ते तरंगतात आणि पोराला वर धरतात. मला माझ्या काकांनी शिकवलं. पहिले चार-पाच दिवस दोन नारळ, मग एक, मग एक दिवस तोही सोडला. काका विहिरीच्या पायरीवर उभे राहून एवढंच म्हणायचे, "भिया नको, मी हयच आसंय." आधी आत्मविश्वास आण आणि मग उडी मार असं कोणी म्हटलं नाही, पाण्यात उतरल्यावर, चार वेळा नाकातोंडात पाणी गेल्यावर, पाचव्या वेळी हात आपोआप बरोबर पडले आणि मग मला वाटायला लागलं की जमतंय. हा क्रम लक्षात ठेवा, आधी काम मग वाटणं. बहुतेक जण उलटं करतात, घरी बसून कॉन्फिडन्स येण्याची वाट बघतात, मोटिवेशनचे व्हिडिओ बघतात, आणि तो काही येत नाही.

तर पहिलं काम, एकच भीती निवडा आणि ती अगदी बारीक शब्दांत लिहा. "मला कॉन्फिडन्स नाही" हे लिहून काही करता येत नाही. "मला बँकेत काउंटरवर बोलायची भीती वाटते" हे लिहिलं की त्याचं काहीतरी करता येतं.

माझी भीती हीच होती म्हणून ती सांगते. बँकेचं सगळं आमच्याकडे सासरे बघायचे. ते गेले, नवरा मुंबईला नोकरीत, आणि पासबुक माझ्या हातात आलं. मी बी.ए. झालेली, वय ३१, आणि पैसे काढायची स्लिप आयुष्यात कधी भरलेली नव्हती. पहिल्याच दिवशी अक्षरी रक्कम लिहायची राहिली म्हणून काउंटरवरचा माणूस सगळ्यांसमोर ओरडला, मी तशीच घरी आले आणि पुढचे दोन महिने शेजारच्या मुलाला पाठवत राहिले. तो जायचा तेव्हा मला किती हायसं वाटायचं. पण खरा घोटाळा त्या हायसं वाटण्यातच असतो. टाळलं की लगेच बरं वाटतं, बरं वाटलं की पुढच्या वेळी परत टाळावंसं वाटतं, आणि गेलो असतो तर काय झालं असतं हे आपल्या मनाला कधी कळतच नाही, त्यामुळे भीती आहे तेवढीच राहते, उलट वाढते.

मग मी त्याचे तुकडे केले. पहिल्या आठवड्यात फक्त मशीनवर पासबुक प्रिंट करून आणायचं, कोणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन कोऱ्या स्लिपा घरी आणून जेवणं झाल्यावर भरून बघायच्या. मग सोमवार आणि पेन्शनचे दिवस सोडून, गर्दी नसताना, घरूनच भरलेली स्लिप घेऊन जायचं आणि ५०० रुपये काढायचे. मग काउंटरवर एक प्रश्न विचारायचा, उत्तर माहीत असलं तरी चालेल. मग आरडी उघडायची. दीड महिना लागला. प्रत्येक पायरी इतकी लहान ठेवा की जीव थोडा वर-खाली होईल पण घरी पळून यावंसं वाटणार नाही, आणि एक पायरी सोपी वाटेपर्यंत तीच करा, दोनदा करा, पाचदा करा. घाई केलीत तर परत मागे जाल.

हे मी माझ्या अकलेने केलं होतं पण नंतर वाचनात आलं की अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली यावर सविस्तर मांडणी केली आहे. हे काम मला जमेल असा जो भरवसा असतो त्याला त्याने सेल्फ एफिकसी म्हटलं आणि तो चार वाटांनी येतो असं सांगितलं. स्वतः काम करून बघणं ही सगळ्यात भक्कम वाट, मग आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना बघणं, मग विश्वासातल्या माणसाने धीर देणं, आणि चौथी म्हणजे आपल्या शरीरात काय चाललंय त्याचा आपण काय अर्थ लावतो ते. माझ्या विहिरीत या चारही होत्या बघा, पोहून झालेली मोठी पोरं समोर होती, काका पायरीवर होते. बांडुराने सापाला भयंकर घाबरणाऱ्या लोकांबरोबर काम केलं, आधी दुसऱ्याला साप हाताळताना बघायचं, मग थोडं जवळ जायचं, मग हातमोजे घालून हात लावायचा, असं पायरी-पायरीने, आणि त्यातल्या लोकांच्या आयुष्यातल्या दुसऱ्या भीत्यासुद्धा कमी झाल्या. एका ठिकाणी जमलं की मन दुसरीकडे पण हिशोब बदलतं. (ते साप बिनविषारी असायचे. आपल्या सड्यावरच्या विषारी फुरशाला मात्र घाबरायलाच हवं, रात्री बॅटरी घेऊनच चाला. जिथे जिवाला धोका आहे तिथली भीती ठेवायची, जिथे फक्त लाज वाटण्याचा धोका आहे तिथली मोडायची, हा फरक करता आला पाहिजे.)

दुसरं काम, मदत मागायची पद्धत बदला. स्वावलंबन म्हणजे कोणाची मदत घ्यायची नाही असा अर्थ काही लोक काढतात आणि उगाच एकटे पडतात. मी फक्त एक वाक्य बदललं, "जरा करून दे रे" च्या जागी "कसं करायचं ते दाखव, मी करते, तू बघ." शेजारच्याच मुलाकडून मी यूपीआय शिकले, लाइट बिल भरायला शिकले, महाभूलेखवर सातबारा काढायला शिकले. मोबाइल त्याच्या हातात द्यायचा नाही, बोट आपलं फिरलं पाहिजे. वेळ लागतो, शिकवणारा कंटाळतो, त्याला चहा द्या, पण मोबाइल देऊ नका. एकदा दोन नारळांनी, एकदा एका नारळाने, मग तसंच.

सातबाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगते, आपल्या कोकणात जमीन सामायिक असते, एका सातबाऱ्यावर कधी कधी पंधरा-वीस नावं असतात, आणि घरातल्या बायकांना आपलं नाव त्यात आहे की नाही हेच माहीत नसतं. स्वतःची एक फाइल करा. सातबारा, ८अ म्हणजे खातेउतारा, घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, आधार, पासबुक, मार्कशीट, सगळ्याच्या झेरॉक्स. ही फाइल काखेत असली की ऑफिसात पाय कमी लटपटतात, हे मी अनुभवाने सांगते, कारण अर्धी भीती आपल्याकडे काहीतरी कमी असेल याचीच असते.

आणि स्वतःचा थोडा तरी पैसा. आपली कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि इकडे गावात पोस्टमनची वाट बघणाऱ्या घरांचं काय झालं ते आमच्या आधीच्या पिढीने बघितलंय. महिना ५०० का होईना, स्वतः कमावलेले, स्वतःच्या नावाच्या खात्यात.

मी कोकमाचं आगळ, आंबापोळी असं करून विकते. सुरुवातीला दर सांगताना माझा आवाज बारीक व्हायचा, समोरच्याने नुसत्या भुवया उचलल्या की मीच म्हणायचे, बरं द्या वीस रुपये कमी. मग एका रात्री बसून हिशोब मांडला, रातांबे म्हणजे कोकमाची फळं किती किलो, मीठ किती, बाटली, लेबल, गॅस, आणि माझे स्वतःचे तास, ते मी कधी धरतच नव्हते. तो आकडा कागदावर आल्यावर मला कळलं की मी तोट्यात विकत होते. दुसऱ्या दिवसापासून दर सांगायचा आणि गप्प राहायचं, पुढचं वाक्य गिऱ्हाइकाने बोलायचं. आवाज स्थिर राहिला कारण मागे हिशोब होता. कुठल्याही कामात हेच, आपल्या विषयाचा हिशोब पक्का करा, पगाराची बोलणी असोत नाहीतर मजुरीची.

आता बोलण्याबद्दल, कारण भाचीचा खरा प्रश्न तोच होता. आपण पोरांना भाषण पाठ करायला लावतो आणि एक शब्द विसरला की सगळी गाडी थांबते. आपल्या दशावताराकडे बघा. जत्रेच्या रात्री नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं आणि कोणाच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं, प्रवेश कुठल्या क्रमाने, कोणाची गाठ कोणाशी, हे आधी ठरतं, आणि संवाद तिथल्या तिथे, समोरच्याने टाकलेलं वाक्य ऐकून. त्या कलावंतांपैकी बरेचसे दिवसा शेती नाहीतर मजुरी करणारे. त्यांना हे कसं जमतं? वर्षानुवर्षं पुराणातल्या कथा मुरलेल्या असतात, सुरुवातीला लहान भूमिका करून मोठ्यांना जवळून बघितलेलं असतं, आणि समोरच्याचं ते नीट ऐकतात. इंटरव्ह्यूला जाताना हेच करा, वाक्यं पाठ करू नका, आख्यान ठरवा. मी कोण, मी काय काम केलंय, मला इथे का यायचंय, या तीन गोष्टी. रोज त्या मोठ्याने बोला, मनातल्या मनात नको, आणि रोज वेगळ्या शब्दांत. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, चार-पाच दिवसांत सवय होते. मग घरातल्या एका माणसासमोर, मग दोघांसमोर.

आणि मालवणी हेल आला म्हणून लाजू नका. भाचीला सगळ्यात जास्त भीती याचीच होती की पुण्यातल्या मुली हसतील. मी तिला म्हटलं, हसतील कदाचित, तू वाक्य पूर्ण कर. एखादा शब्द अडला तर "याला आमच्याकडे असं म्हणतात" म्हण आणि पुढे जा. इंग्रजीचंही तेच, लहान वाक्य, सावकाश, आणि समजलं नाही तर सरळ परत विचारायचं.

धडधडीचं काय करायचं? ती होणारच. छाती धडधडली म्हणजे मला जमणार नाही असा अर्थ लावू नका, शरीर तयारी करतंय एवढाच घ्या. श्वास घेताना चार आकडे, सोडताना सहा-सात, असं आत जायच्या आधी दोन-तीन मिनिटं. आदल्या रात्री झोप पूर्ण आणि पोटात काहीतरी खाऊन जा, उपाशीपोटी हातपाय थरथरले तरी आपल्याला ती भीतीच वाटते. पण महिनोन्‌महिने झोप नाही, कशातच मन नाही, घराबाहेर पडवत नाही असं असेल तर ते वहीने आणि श्वासाने सुटायचं नाही, सरकारच्या टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, फोन करा, मराठीतूनही बोलता येतं.

वही म्हटलं ती कसली ते राहिलंच. रोज दोन ओळींची वही ठेवा, आज काय केलं आणि करायच्या आधी काय होईल असं वाटलं होतं. मन पराभव बरोबर लक्षात ठेवतं आणि जमलेलं विसरतं, म्हणून कागदावर पाहिजे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर तरुणपणी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा विंचू चावून कोकणात माणसं, त्यातही पोरं, दगावायची. जवळ मोठं हॉस्पिटल नाही, उपकरणं नाहीत. ते रोग्यांजवळ बसून राहिले, काय काय होतं ते बघत आणि टिपत गेले, आणि त्यातून पुढे प्राझोसिन या गोळीने उपचार करायची पद्धत उभी राहिली, ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपली वही एवढी मोठी नसेल, पण जे समोर दिसतंय ते लिहायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं, ही रीत आपल्याला पण घेता येते. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात "वाटलं होतं ओरडतील" असं अकरा वेळा आहे आणि खरंच ओरडले एकदा.

शेवटी मागे जाण्याचं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, आमची दोन कलमं मुळासकट आडवी झाली, पत्रे उडाले, कित्येक दिवस लाइट नाही, केलेला माल खराब झाला. त्यानंतरचे दोन महिने माझा सगळा धीर गेला होता, ज्या बँकेत मी ताठ जायचे तिथे परत पाय जड व्हायला लागले, गिऱ्हाइकांचे फोन घ्यावेसे वाटेनात. मी तेव्हा स्वतःला बोल लावत बसले नाही, वही काढली, सगळ्यात खालची पायरी बघितली, आणि एका बुधवारी दुपारी फक्त पासबुक प्रिंट करून आले. कोणाशी बोलले नाही. पुढच्या आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाला मीच फोन केला, यंदा आगळ थोडंच आहे पण आहे, हवंय का. तुमचंही असं होईल, आजारपणात होईल, नापास झाल्यावर होईल, नोकरी गेल्यावर होईल. तेव्हा दोन पायऱ्या खाली उतरा आणि परत एक नारळ बांधा, पोहायला तुम्ही विसरलेले नसता.