सहावी-सातवीतलं मूल वाचनात अडकतंय? घरातला साधा फोन असा लावून द्या

सहावीत गेलं की खरी गोची होते. पाचवीपर्यंत धडे छोटे, चित्रं मोठी, त्यामुळे मूल अंदाजाने आणि पाठांतराने निभावून नेतं, पण मग इतिहास-नागरिकशास्त्र वेगळं, भूगोल वेगळा, सामान्य विज्ञान वेगळं आणि पानंच्या पानं वाचायची. तोंडी विचारा, प्रकाशसंश्लेषण व्यवस्थित समजावून सांगेल, आणि वही उघडा तर अर्धी कोरी. की लगेच सगळे म्हणायला मोकळे, आळशी आहे, लक्षच नाही. अशा मुलांसाठी म्हणजे डिस्लेक्सिया (हुशारी असूनही वाचायला-लिहायला अवघड जाणं), अध्ययन अक्षमता असलेल्यांसाठी मुख्यतः लिहितेय, मराठी माध्यम आणि साधा अँड्रॉइड फोन धरून. टॅब वगैरे घ्यायची काही गरज नाही.

आधी आवाजाचं बघा. सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' सर्च करा, गूगलचं इंजिन निवडा, भाषा मराठी करा आणि मराठीचा व्हॉइस डेटा डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसलं तरी अडत नाही. स्पीड जरा कमी ठेवा. मग अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन सिलेक्ट टू स्पीक चालू करायचं (दिसत नसेल तर प्ले स्टोअरवरून अँड्रॉइड अ‍ॅक्सेसिबिलिटी सूट घ्या), की त्याचं बटण दाबून स्क्रीनवरच्या ज्या मजकुरावर बोट ठेवाल तो फोन वाचून दाखवतो.

इथपर्यंत सोपंय, पुढे बरेच जण अडकतात. पुस्तकाची पीडीएफ उघडतात, वाचायला सांगतात आणि फोन भलतंच काहीतरी बरळतो. फोन बिघडलेला नसतो हो, मराठी पीडीएफ बऱ्याचदा छपाईच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असतात, युनिकोडमध्ये (फोनला कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) नसतात, म्हणून आपल्याला अक्षरं दिसतात पण फोनला त्यातलं काही कळत नाही. त्यापेक्षा छापील पुस्तकाचा फोटो काढा, गूगल लेन्सने टेक्स्ट सिलेक्ट करून कॉपी करा आणि गूगल कीप या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये पेस्ट करा. पान सपाट धरा, उजेड बाजूने येऊ द्या, आणि एका वेळी एकच परिच्छेद घ्या, कारण कडेची 'माहीत आहे का तुम्हांला?' वाली चौकट मध्येच घुसली की वाक्याची पार वाट लागते. पेस्ट केल्यावर एकदा मोठ्या माणसाने नजर टाकायचीच. घ चा ध, भ चा म झालेला असतो, जोडाक्षरं फुटलेली असतात. गंमत म्हणजे घ-ध, भ-म यातच पोरंही अडखळतात.

आता ऐकायचं कसं? पहिल्यांदा नुसतं ऐकू दे, पुस्तक बंद. दुसऱ्यांदा पुस्तक समोर आणि बोट ओळीवर, आवाज जसा पुढे जाईल तसं बोट सरकवायचं. हेडफोन द्याच, भावंडांसमोर 'याला फोन वाचून दाखवतो' हे सातवीतल्या मुलाला फार लागतं. आणि कविता कृपा करून मशीनला देऊ नका, चाल जाते, तुम्हीच म्हणा आणि रेकॉर्ड करून ठेवा, आजीने म्हटली तर अजूनच छान.

लिहिण्यासाठी जीबोर्डचं, म्हणजे गूगलच्या कीबोर्डचं, व्हॉइस टायपिंग. मराठी कीबोर्ड निवडून माइक दाबायचा आणि उत्तर बोलायचं. पूर्णविराम बहुतेक वेळा हाताने द्यावा लागतो, तो मुलालाच देऊ दे, वाक्य कुठे संपलं हे त्यालाच कळायला हवं ना. मग तेच उत्तर सिलेक्ट टू स्पीकने परत ऐकायचं. डोळ्यांनी सुटलेली चूक कानाला लगेच खटकते, 'अगं इथे शब्दच राहिला' असं पोरगं स्वतः म्हणतं, आपण लाल पेन घेऊन बसायची गरजच उरत नाही. शाळेत बाईंशी किंवा सरांशी आधी बोलून ठेवा की स्वाध्यायातली दोन उत्तरं हाताने लिहील, बाकीची प्रिंट काढून वहीत चिकटवेल. सगळं बोलून टाइप करून परत सगळं वहीत उतरवायला लावणं म्हणजे डबल शिक्षा आहे, मला ते अजिबात पटत नाही.

गणितात मराठी आकड्यांचा वेगळाच घोळ. 'बावन्न' ऐकताना आधी दोन ऐकू येतो आणि लिहायचा मात्र आधी पाच, त्यामुळे ५२ चे २५ होतात. मुलाने लिहिलेला आकडा कीपमध्ये टाकून फोनकडून वदवून घ्या, त्याचं त्यालाच कळतं.

बाकीचं थोडक्यात सांगते. कमी दिसत असेल तर फळ्याचा फोटो काढू द्या आणि मॅग्निफिकेशन (स्क्रीन मोठी करून दाखवणारी सोय) चालू ठेवा, शिवाय सुगम्य पुस्तकालय ही वाचनात अडचण असलेल्यांसाठीची ऑनलाइन लायब्ररी आहे, तिथे सभासद व्हा. कमी ऐकू येत असेल तर लाइव्ह ट्रान्सक्राइब हे अ‍ॅप मराठी बोलणं लिहून दाखवतं, पण फोन सरांच्या टेबलावर हवा, मागच्या बाकावर ठेवलात तर वर्गाचा गोंगाटच टाइप होईल. आणि यूट्यूबची धास्ती असेल तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅप पिनिंग आहे, एकच अ‍ॅप उघडं राहतं.

परीक्षेचं मात्र आत्ताच बघा, दहावीची वाट बघू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही येते. त्याचं प्रमाणपत्र असेल तर लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा) मिळतो, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितलाय. मुंबईत सायन, केईएम, नायरला तपासणी होते, जिल्ह्यात असाल तर शासकीय रुग्णालयात चौकशी करा किंवा समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना गाठा. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून सहावी-सातवीतच सुरुवात करा. बोर्डाच्या पेपरला फोन नसणार, लेखनिक असणार, आणि त्यालाही उत्तर बोलूनच सांगायचं असतं, नवा परिच्छेद कुठे, आकृतीला नाव काय द्यायचं हे सगळं. म्हणून व्हॉइस टायपिंग चांगलं जमायला लागलं की आठवड्यातून एकदा फोन बाजूला ठेवा आणि तुम्ही स्वतः लेखनिक होऊन बसा, तो सांगेल तेवढंच लिहायचं, मनाचं एक अक्षरही घालायचं नाही.