इंजिनची नेहमीची तपासणी करताना या चुका टाळा

पेट्रोल पंपावर गाडी थांबते, कुणीतरी बॉनेट उघडायला लावतो, डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) उपसतो आणि सांगतो, "साहेब, ऑइल कमी आहे." काडीवर ऑइल खरंच खालच्या खुणेला टेकलेलं दिसतं. तो खोटं बोलत नसतो, फक्त चुकीच्या वेळी बघत असतो. इंजिन नुकतंच बंद झालेलं असतं, बरंचसं ऑइल अजून वर हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) आणि पॅसेजमध्ये असतं, ते तळाच्या चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठायच्या टाकीत, उतरलेलंच नसतं. तेवढ्यात अर्धा लिटर ओतलं जातं आणि ठीकठाक इंजिनात ऑइल जास्त होतं.

घरी किंवा गॅरेजमध्ये होणाऱ्या बऱ्याचशा चुका याच जातीच्या असतात. बघायची वस्तू बरोबर, वेळ चुकीची. काही गोष्टी इंजिन गार असतानाच बघायच्या असतात, काही गरम करून, काही गरम करून थोडं थांबून.

ऑइल: कमीपेक्षा जास्तीची चूक अधिक

गाडी सपाट जागी लावा. इंजिन गरम झालं की बंद करा, पाच ते दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा, पूर्ण आत घाला, मग काढून वाचा. पहिल्यांदा काढलेल्या काडीवर ऑइल वरपर्यंत माखलेलं असतं, त्यावर विसंबू नका. काही कंपन्या गार इंजिनावर बघायला सांगतात, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल एकदा उघडा आणि दर वेळी त्याच पद्धतीने बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली तरी चालतं. ती वरच्या खुणेला टेकलेलीच हवी, हा हट्ट नको. घालायचंच असेल तर एका वेळी २०० ते २५० मिली घाला, थांबा, परत बघा.

ऑइल बदलताना आणखी एक गंमत होते. हजार-बाराशे सीसीच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत फिल्टरसह साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं, आणि बाजारात साडेतीन लिटरचा कॅन सर्रास मिळतो. पैसे मोजलेत तर उरवायचं कशाला, म्हणून अख्खा कॅन रिकामा होतो. ज्या इंजिनाला तीन लिटर पुरतं, तिथे अर्धा लिटर जास्त. मग क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा खालचा दांडा, त्या ऑइलवर आपटत फिरते आणि फेस होतो. पंप फेस ओढायला लागला की प्रेशर पडतं. ब्रीदरच्या पाइपातून ऑइलची वाफ इनटेकमध्ये जाते आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची नळी) काळी चिकट होते. जास्त झालेलं ऑइल डिपस्टिकच्या नळीतून मोठ्या सिरिंजने ओढून काढता येतं, तसं पळवत राहू नका.

पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. पेट्रोल गाडीत काडीला पेट्रोलचा वास येतोय का बघा. बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होताना जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, म्हणून फक्त शहरात फिरणाऱ्या गाडीत ऑइल वाढतं आणि पातळ होतं. ते वेळेआधी बदलावं लागतं. रंगाचं मात्र मनावर घेऊ नका. डिझेल इंजिनातलं नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

फिल्टर बदलताना सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जुन्याचं रबर इंजिनला चिकटून राहणं. त्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरं एकावर एक येतात. स्टार्ट केल्यावर काही वेळ सगळं ठीक वाटतं, मग रेस दिली की रबर निसटतं आणि ऑइल धो-धो जमिनीवर. म्हणून जुना फिल्टर उलटा करून रबर त्याच्यासोबत आलंय का बघा, बसायची जागा फडक्याने पुसा. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा. रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा पुरतो. पान्याने करकचून आवळू नका, पुढच्या वेळी निघता निघणार नाही. ड्रेन बोल्टचा ॲल्युमिनियम वॉशर दर वेळी नवा घाला. जुना दबून सपाट झालेला असतो, गळायला लागतो, मग गळती थांबवायला बोल्ट आणखी आवळला जातो आणि चेंबरचे आटे जातात. छोट्या गाड्यांत हा बोल्ट बहुतेक ३५-४० न्यूटन-मीटरच्या घरात आवळायचा असतो. लांब पाइप लावून जोर काढायचं हे काम नव्हे.

कूलंट: टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा

कूलंट गार इंजिनावर बघायचं, सकाळी गाडी काढण्याआधी. गरम असताना झाकण उघडू नये हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी हात भाजतातच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. त्या दाबाखाली पाणी साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं त्याच क्षणी उकळून वर उसळतं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, बाजूची प्लॅस्टिकची टाकीच दाबाखाली असते. तिचं झाकणही गरम असताना तितकंच धोक्याचं.

साध्या रिझर्व्ह टाकीच्या गाडीत फक्त टाकी बघून बॉनेट लावू नका. गरम झालं की कूलंट टाकीत येतं, गार झालं की परत रेडिएटरमध्ये ओढलं जायला हवं. झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकला किंवा मधला पाइप चिरला तर ते परत जात नाही. मग टाकी काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा, असं चित्र होतं. महिन्यातून एकदा गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून आत तोंडापर्यंत कूलंट आहे का बघा आणि झाकणाच्या रबराला चिरा आहेत का तेही बघा.

बोअरचं पाणी घालायची सवय अजून गेलेली नाही. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या पॅसेजमध्ये थर धरतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंटची गरज नाही, हा युक्तिवाद तर फारच जुना. कूलंट गंज थांबवतं, ॲल्युमिनियमचं हेड सांभाळतं. दुसरी चूक म्हणजे तयार मिक्स डब्यात पुन्हा पाणी घालणं. डब्यावर 'कॉन्सन्ट्रेट' लिहिलं असेल तरच सांगितलेल्या प्रमाणात डिमिनरलाइज्ड पाणी मिसळा. आणि हिरवं-गुलाबी रंग बघून जात ओळखू नका, रंगाला काही नियम नाही. कुठलं भरलंय ते माहीत नसेल तर मिसळण्यापेक्षा सगळं काढून एकाच प्रकारचं भरा. भरल्यावर हवा काढायला विसरू नका. हीटर गरमच्या टोकाला ठेवा, आयडलला (रेस न देता) फॅन दोनदा लागू द्या, गार झाल्यावर पातळी परत बघा.

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून फेकायचा सल्ला अजूनही मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो, तो आकडा त्याच्यावरच छापलेला असतो. तो काढला की इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटर गार इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आतच फिरतं आणि गाडी आणखी गरम होते. शंका असेल तर पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याला बांधलेला थर्मोस्टॅट त्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर ठेवून गरम करा. छापलेल्या तापमानाच्या आसपास झडप हलायला लागली आणि पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडली, तर दोष दुसरीकडे आहे.

कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा, बाजूला थांबा. वाफ नसेल, बेल्ट शाबूत असेल आणि फॅन फिरत असेल तर इंजिन आयडलला राहू द्या. वाफ दिसली तर लगेच बंद. वरून गार पाणी मारू नका, हेड वाकतं किंवा चिरतं. अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. एक धोका फारसा कुणी सांगत नाही: कूलंट पुरतं निघून गेलं की तापमानाचा सेन्सर हवेत लटकतो आणि काटा खाली येतो. "काटा आला खाली" म्हणून गाडी हाकली की हेड गॅस्केट गेलंच.

टॅपेट: आवाज नाही म्हणजे ठीक, असं नव्हे

व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यात ठेवलेली बारीक फट म्हणजे टॅपेटची गॅप. टॅपेटचा कटकट आवाज ऐकला की लोक गॅरेजला धावतात. आवाज बंद करा म्हटलं की मेकॅनिक गॅप कमी करतो, आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. यासारखं नुकसान दुसऱ्या ॲडजस्टमेंटने क्वचितच होतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर, म्हणजे हेडमधल्या आपल्या बैठकीवर, टेकलेला असतानाच हेडला देतो. गॅप पुरेशी नसेल तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी वाढते आणि तो पूर्ण बसत नाही. जळता वायू फटीतून जातो आणि व्हॉल्व्हची कड करपते. सैल टॅपेट बोंब मारतो, आवळलेला मुकाट्याने व्हॉल्व्ह जाळतो.

सीएनजी गाड्यांत हे जास्त होतं. गॅस कोरडा असतो, सीटला पेट्रोलसारखा ओलावा मिळत नाही, सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होत जाते. आवाज काहीच नाही. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, आयडलला थरथर, चढावर दम नाही, अशी लक्षणं दिसली की कॉइल-प्लगवर पैसे घालण्याआधी टॅपेट मोजा.

मोजायचं इंजिन पूर्ण गार असताना, रात्रभर उभ्या गाडीवर. मॅन्युअल गरम इंजिनाचा आकडा देत असेल तर तसं, पण एका अवस्थेचा आकडा दुसरीला लावू नका. इनटेक आणि एक्झॉस्टची गॅप बहुधा वेगळी असते. ज्या सिलिंडरचं बघताय त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर आणा, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) हाताने किंचित हलले पाहिजेत. फीलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांचं मापक) पट्टी हलकी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. घाईत नेमकी हीच पायरी सुटते. गॅप बरोबर असूनही आवाज येत असेल तर रॉकरचं टोक बघा. तिथे खळगा पडलेला असेल तर सपाट पट्टी खळग्यावरून जाते आणि खरी गॅप मोजलीच जात नाही. रॉकर बदलण्याखेरीज उपाय नाही. ऑइलच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात मात्र ॲडजस्ट करायला काहीच नसतं, तिथे आवाज आला तर आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड बघा.

प्लग, फिल्टर आणि बाकीचं

प्लग गार इंजिनावरच काढा. गरम ॲल्युमिनियममधून ओढले की आटे प्लगसोबत बाहेर येतात. काढण्याआधी खड्ड्यातली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. खड्ड्यात ऑइल दिसलं तर वरच्या कव्हरचं पॅकिंग गेलंय. नवा प्लग आधी हाताने आट्यात बसवा, वॉशर टेकल्यावर साधारण अर्धा फेरा. जुनाच परत लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा घड्याळातल्या एका आकड्याइतकंच फिरवा. इरिडियमच्या प्लगमध्ये मधल्या बारीक टोकावर जोर देऊन गॅप वाढवू नका, टोक तुटतं. तपकिरी प्लग निरोगी. कोरडी काजळी असेल तर मिश्रण जड आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे, ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, पांढरा फोडांचा असेल तर प्लग फार तापतोय.

कागदी एअर फिल्टर धुवायचा नाही. हवा आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूने बाहेर आणि लांबूनच मारा. पावसाळ्यात फिल्टरच्या डब्यात उंदीर घर करतात, तेव्हा झाकण उघडून बघायला दोन मिनिटं खर्च करा. परत लावताना सगळ्या क्लिपा बसल्या नाहीत तर फिल्टर असून नसल्यासारखा. थ्रॉटल बॉडी साफ करताना इग्निशन चालू ठेवून झडप बोटाने ढकलू नका. एअर फ्लो सेन्सरच्या केसासारख्या तारेवर कार्ब क्लिनर मारू नका. झडपेला टेकलेला रंग लावलेला स्टॉप स्क्रू आयडल वाढवायला नसतो.

साधा बेल्ट मधोमध अंगठ्याने साधारण दहा किलोच्या जोराने दाबला की ८-१० मिमी दबावा. जास्त आवळला तर ऑल्टरनेटरचं आणि वॉटर पंपचं बेअरिंग जातं. ऑटो टेन्शनर असेल तर हात लावू नका. बॅटरी काही तास उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.५. चालू इंजिनावर टर्मिनल काढून ऑल्टरनेटर तपासायची जुनी युक्ती आता विसरा, त्या झटक्यात कॉम्प्युटर जातो.

चेक इंजिनचा दिवा घालवायला बॅटरी काढतात, तेव्हा दिव्यासोबत नोंदलेला सगळा पुरावाही जातो. आधी कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड वाचून घ्या. दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय, रेस सोडा आणि गाडी थांबवा. कोड पी०३०१ (पहिल्या सिलिंडरचा मिसफायर) असेल तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. आता पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा, आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर तशीच प्लगची अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टरची. तरीही तोच सिलिंडर मिस करत असेल आणि गाडी सीएनजीवर असेल, तर त्या दिवशी काम थांबवा, रात्रभर इंजिन गार होऊ द्या आणि सकाळी त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट टॅपेटपासून सुरुवात करा.