काळं दिसलं की मेलॅनिन? मेंढीच्या गर्भातली पिनिअल ग्रंथी तपासताना या चुका टाळा

पिनिअल म्हणजे मेंदूतली एक छोटी ग्रंथी. तिच्यात मेलॅनिन, म्हणजे काळं-तपकिरी रंगद्रव्य, आहे का हे पाहायच्या प्रोजेक्टसाठी बेळगाव भागातली, निपाणी-चिकोडीकडची मुलं मेंढीचा गर्भ आणतात, तेव्हा पहिला घोळ बाटलीवरच्या चिठ्ठीतच असतो. इकडचा धनगर ‘बकरं’ म्हणतो ते मेंढरू. शेळी म्हणजे शेरडू. चिठ्ठीवर ‘बकरी’ लिहिलं की प्रयोगशाळेत ती शेळी होते. सरळ कन्नड ‘कुरी’ लिहा, वाद मिटतो. आणि गाभडलेला गर्भ उघड्या हातांनी उचलू नका, त्यातून माणसाला ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो.

अथणी-रायबागच्या उन्हात मेंदू लवकर सडतो. अख्खं डोकं फॉर्मलिनमध्ये बुडवलं म्हणजे झालं, असं नाही. कवटी उघडा, द्रावण नमुन्याच्या किमान दहा पट घ्या, आणि ते बफर केलेलंच (आम्लता वाढू न देणारं) हवं. आम्लधर्मी फॉर्मलिन रक्ताशी मिळून तपकिरी-काळे कण तयार करतं आणि ते हुबेहूब मेलॅनिनसारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीकृत (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात ते चमकतात, मेलॅनिन चमकत नाही. संपृक्त अल्कोहोलिक पिक्रिक आम्लात ते निघूनही जातात.

गर्भाच्या मेंदूत पिनिअल म्हणजे तिसऱ्या पोकळीच्या छतातून वर आलेला छोटासा कोंब. आडवे काप घेतले तर तो हातचा निसटतो. मधोमध उभे काप घेतले, तर हॅबेन्युलर आणि मागच्या कमिशरच्या (मेंदूच्या दोन बाजू जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यांच्या) मध्ये तो नेमका सापडतो.

सगळ्यात मोठी फसगत मात्र आपल्या दख्खनी मेंढीची. घोंगडीला लागते ती काळी लोकर अंगावर असलेल्या मेंढीच्या मेंदूच्या आवरणातही रंगपेशी (मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी) असू शकतात. त्या मज्जाशिखेतून (गर्भातल्या न्यूरल क्रेस्टमधून) आलेल्या, ग्रंथीच्या बाहेरच्या. पिनिअलला चिकटलेलं आवरण कापात आलं, की विद्यार्थी खुशीत ‘पिनिअलमधल्या रंगपेशी’ मोजू लागतो. मीही एकदा असेच मोजले होते आणि सगळे आकडे फेकून दिले. पेशी ग्रंथीच्या ऊतीत आहे की कडेच्या आवरणात, हे आधी ठरवा, मग मोजा. शक्य असेल तर पांढऱ्या मेंढीचा गर्भही शेजारी ठेवा.

फॉन्टाना-मॅसन या चांदीच्या रंगपद्धतीत चांदीचे काळे कण दिसले म्हणून निकाल लागत नाही. लायपोफ्युसिन हे पेशीत साचणारं दुसरं रंगद्रव्यही त्यात काळं पडू शकतं. लोहाचं हिमोसिडेरिन असल्याची शंका आली तर लोह दाखवणाऱ्या पर्ल्स रंगाने ते निळं होतं. म्हणून शेजारचा काप आधी पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाने विरंजित करा (रंग उडवा) आणि मग रंगवा: मेलॅनिन असेल तर काळं गायब होतं. तुलनेसाठी त्याच गर्भाचा डोळा त्याच ब्लॉकमध्ये (काप घेण्यासाठीच्या मेणाच्या ठोकळ्यात) घाला. दृष्टिपटलामागचा रंगथर काळा आला नाही, तर दोष रंगात आहे, पिनिअलमध्ये नाही.

अहवालात मेलॅनिन आणि मेलाटोनिन यांची सरमिसळ तर दरवर्षी होते. मेलॅनिन हे रंगद्रव्य, मेलाटोनिन हे पिनिअलचं संप्रेरक. मेलॅनिन टायरोसिन या अमिनो आम्लापासून, मेलाटोनिन ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून. 1958 साली आरॉन लर्नर यांनी गाईच्या पिनिअलमधून मेलाटोनिन वेगळं केलं; बेडकाच्या कातडीचा रंग ते उजळ करत होतं, म्हणून हे नाव. फॉन्टानाची स्लाईड दाखवून ‘मेलाटोनिन सापडलं’ असं लिहिलेला अहवाल मी वाचलाय, तोही स्पायरल बाइंडिंग करून आलेला.