बेळगावहून काश्मीरला बदली : आधी रेडिएटर बघा

पोस्टिंग काश्मीरची आली आणि दोघं नवरा-बायको गाडीनेच जाणार असाल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी रेडिएटर बघून घ्या. बेळगाव-खानापूरकडे कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) उतरलं की सर्रास नळाचं पाणी ओततात. इथल्या थंडीत ते खपून जातं. तिकडे शून्याखाली तेच पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर, कधी इंजिन ब्लॉकसुद्धा तडकतो. हा खर्च फार मोठा. म्हणून इंजिन पूर्ण गार असताना जुनं सगळं काढा आणि इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. उणे ३० अंशांतही ते गोठत नाही. डब्यावर ‘रेडी टू यूज’ (म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं) असेल तर पाण्याचा थेंबही घालू नका. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही काढून न गोठणारं वॉशर फ्लुइड भरा.

टायरची हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. दुपारी आकडा वाढलेला दिसेल, तेव्हा हवा सोडू नका.

गॅस सिलिंडर गाडीत अजिबात नको. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (इथलं कनेक्शन बंद केल्याची पावती) घ्या. केए-२२ची (बेळगाव नोंदणीची) गाडी तिकडे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर फॉर्म २८ भरून आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) इथूनच घेऊन निघा.