एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलरच्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलचा लेआउट

टीक्यूएफपी पॅकेजमध्ये (चारही बाजूंना पिना असलेली चपटी चिप) क्रिस्टल, म्हणजे चिपला क्लॉक देणारा घटक, ७ आणि ८ नंबरच्या पिनला येतो. बोर्डावर आधी तोच बसवा, बाकीचं नंतर. दोन्ही ट्रॅक सारखे आणि ५ मिमीच्या आसपास ठेवा; मध्ये व्हाया (बोर्डाच्या दुसऱ्या थरात नेणारं भोक) नको.

क्रिस्टलच्या प्रत्येक पिनपासून ग्राउंडला एक असे दोन कपॅसिटर लागतात; त्यांची व्हॅल्यू अंदाजाने टाकू नका. क्रिस्टलच्या डेटाशीटमधल्या लोड कपॅसिटन्समधून (क्रिस्टलला लागणारा एकूण कपॅसिटन्स) पिन-ट्रॅकचे साधारण ५ पिकोफॅरड वजा करा आणि दुप्पट करा. १६ पिकोफॅरडच्या क्रिस्टलला (१६−५)×२, म्हणजे २२ पिकोफॅरड. सीओजी प्रकारचेच सिरॅमिक कपॅसिटर घ्या, तापमानाने ते जवळजवळ हलत नाहीत.

दोन्ही कपॅसिटरची ग्राउंडची टोकं एकत्र करून ५ नंबरच्या ग्राउंड पिनला थेट न्या. मोटर किंवा रिलेचा करंट त्या वाटेने जाता कामा नये. क्रिस्टलखाली फक्त ग्राउंड, सिग्नल एकही नाही. शेजारची ९ नंबरची पिन पीडब्ल्यूएमला (वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल) वापरणार असाल, तर तिचा ट्रॅक लगेच बाहेर वळवा.

सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारं रसायन) आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट धुवा. राहिलेला थर पावसाळी दमट हवेत करंट गळवतो, मग क्रिस्टल कधी सुरू होतो, कधी नाही. तपासायला क्रिस्टलवर ऑसिलोस्कोपचा प्रोब टेकवू नका. १०एक्स प्रोबनेही साधारण १० पिकोफॅरड वाढतात. सीकेआउट फ्यूज (क्लॉक एका पिनवर बाहेर काढणारी चिपमधली सेटिंग) चालू करून पीबी० पिनवर मोजा.