जपमाळेच्या साहाय्याने मंत्रध्यान कसे करावे

आसने आणि प्राणायाम आटोपून डोळे मिटून बसले की पहिली अडचण येते ती मन कुठे टेकवायचे याची. श्वास फार सूक्ष्म असतो आणि मनातल्या मनात म्हटलेला मंत्र तर दिसतही नाही. दोन्ही केव्हा निसटले ते बऱ्याच वेळाने कळते. मणी मात्र बोटांखाली असतो. लक्ष भरकटले की तो जागच्या जागी थांबलेला सापडतो, किंवा मंत्राशिवायच पुढे सरकलेला असतो, आणि या दोन्ही खुणांवरून आपण कुठे होतो हे समजते. माझ्या मते माळेचा खरा उपयोग या परतीच्या वाटेसाठी आहे. मोजणी त्याच्या ओघात होऊन जाते.

पूर्ण माळेत 108 मणी असतात आणि त्यांखेरीज एक वेगळा, बहुधा मोठा मणी असतो, त्याला मेरुमणी किंवा सुमेरू म्हणतात. 108 या संख्येची परंपरेने दिलेली स्पष्टीकरणे अनेक आहेत. 27 नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण हे त्यांपैकी एक. 27 मण्यांच्या लहान माळेला स्मरणी म्हणतात, आणि तिच्या चार फेऱ्या झाल्या की एक माळ पूर्ण होते. मणी तुळशीचे, रुद्राक्षाचे, चंदनाचे की स्फटिकाचे घ्यावेत याला सांप्रदायिक संकेत आहेत आणि आपल्या परंपरेत जे सांगितले असेल ते पाळावे. तसे काही बंधन नसेल, तर माळ हातात घेऊन चार-सहा मणी ओढून पाहावेत. मणी फार बारीक असतील तर एकदम दोन सरकतात, फार मोठे असतील तर बोटे लवकर थकतात. दोन मण्यांमध्ये गाठ किंवा थोडी मोकळी जागा असलेली माळ नवख्या साधकाला सोपी जाते. ताणला जाणारा रबरी दोरा टाळावा, कारण तो काही दिवसांत सैल पडतो आणि मण्यांमधले अंतर बिघडते.

मंत्र एकच निवडावा आणि निदान काही महिने तरी तो बदलू नये. गुरूंकडून मिळाला असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर ॐ पुरेसा आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादातील (अध्यायातील) 27 व्या सूत्रात प्रणवाला, म्हणजे ॐला, ईश्वराचा वाचक, म्हणजे त्याचा बोध करून देणारा शब्द, म्हटले आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात, ‘तज्जपस्तदर्थभावनम्’, त्याचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना अशी जोडी सांगितली आहे. या जोडीतला दुसरा भाग आपण फार सहज विसरतो. म्हणून मंत्राचा अर्थ आधी समजून घ्यावा आणि उच्चारही जाणकारांकडून तपासून घ्यावा. एकदा बसलेला चुकीचा उच्चार हजारो आवर्तनांनंतर सुधारणे कठीण जाते.

बैठक साधी असावी. सुखासन, पद्मासन किंवा गुडघे दुखत असतील तर खुर्ची, यांपैकी काहीही चालते. पाठीचा कणा ताठ, खांदे सैल आणि हनुवटी किंचित आत असावी. आरंभी पाच-सात श्वास नुसते पाहावेत.

आता माळ उजव्या हातात घ्यावी. ती मधल्या बोटावर टेकवून अंगठ्याने मणी ओढावेत, किंवा अनामिकेवर ठेवून मधले बोट आणि अंगठा यांनी ओढावेत; दोन्ही पद्धती रूढ आहेत. तर्जनीचा स्पर्श माळेला होऊ द्यायचा नाही, कारण ते बोट अहंकाराचे प्रतीक मानले जाते. हात छातीजवळ धरण्याचा प्रघात आहे, मात्र दंड अवघडत असेल तर कोपराला आधार द्यावा. मेरुमण्याच्या शेजारच्या मण्यापासून सुरुवात करावी. अंगठ्याचे पेर मण्यावर टेकवावे, मंत्र संपूर्ण म्हणावा, आणि शेवटचे अक्षर विरल्यावरच मणी आपल्याकडे ओढावा. तो आधीच्या मण्याला लागतो तेव्हा अगदी बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. त्या आवाजानंतर नवा मंत्र. माझा स्वतःचा जप कित्येक दिवस या ठिकाणी बिघडत होता: मंत्राचा शेवट आणि मण्याची ओढ एकमेकांत मिसळत, गती वाढत जाई आणि माळ संपे तेव्हा मी ध्यानाऐवजी शर्यत केलेली असे. मणी मंत्राची वाट पाहील एवढे पथ्य पाळल्यावर ती घाई गेली.

गतीचा हिशेब सांगायचा तर, एका ॐकाराला पाच सेकंद दिले तर एक माळ नऊ मिनिटांत होते, आणि दहा सेकंदांच्या एका पूर्ण श्वासाला एक मणी धरला तर अठरा मिनिटांत. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 23 निरोगी व्यक्तींकडून रोझरीची (ख्रिस्ती जपमाळेची) प्रार्थना आणि मंत्र म्हणवून घेतले होते, दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला साधारण सहापर्यंत उतरली. अभ्यास लहान आहे, त्यावरून रोग बरे होण्याचे दावे करू नयेत. पण संथ आवर्तनाने श्वास आपोआप लांबतो, हे बसणाऱ्याला स्वतःलाही जाणवते. श्वास मात्र मुद्दाम ताणू नये.

जपाचे तीन प्रकार आहेत: मोठ्याने म्हटलेला वाचिक, ओठ हलतील पण शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही असा उपांशू, आणि केवळ मनातला मानस. मनुस्मृतीत मानस जप श्रेष्ठ मानला आहे. तरीही नवख्याने वाचिकापासून सुरुवात करावी, कारण मन फार अस्वस्थ असताना स्वतःचा आवाजच त्याला धरून ठेवतो. एकाच माळेत आवाज हळूहळू आत नेत जाण्याचा प्रयोगही करून पाहावा.

मन भटकणारच. ते भटकल्याचे ध्यानात आले की चरफडू नये, मागचे मणी पुन्हा मोजू नयेत; बोटांखाली जो मणी असेल त्याचा गुळगुळीत किंवा खडबडीत स्पर्श क्षणभर जाणवू द्यावा आणि तिथूनच मंत्र पुढे सुरू करावा. झोप येत असेल तर डोळे अर्धवट उघडून जप वाचिक करावा.

अंगठा मेरुमण्याला लागला की माळ पूर्ण झाली. मेरूवर मंत्र मोजत नाहीत आणि तो ओलांडतही नाहीत. दुसरी माळ करायची असल्यास बोटांतच माळ उलटी फिरवून शेवटचा मणी पहिला करावा. हे फिरवणे सुरुवातीला अवघड जाते. तेवढ्यापुरती डाव्या हाताची मदत घ्यायला हरकत नाही. एका माळेनंतर लगेच उठू नये. माळ मांडीवर ठेवून दोन-तीन मिनिटे काहीही न म्हणता बसावे. मंत्राचा नाद थांबल्यावर जी शांतता उरते, तिच्यासाठी वेळ राखून ठेवायलाच हवा.

जप झाल्यावर माळ गोमुखीत (जपमाळेसाठीच्या खास कापडी पिशवीत) किंवा साध्या सुती पिशवीत ठेवावी. लाकडी मणी आणि रुद्राक्ष यांना साबण लावू नये, ते भिजत ठेवू नयेत, मऊ कोरड्या कापडाने पुसावेत. अधूनमधून दोरा उजेडात धरून पाहावा. कुठे तंतू सुटलेले दिसले की माळ तुटण्याची वाट न पाहता ती नव्या दोऱ्यात ओवून घ्यावी, आणि गाठ मारण्यापूर्वी मणी एकदा मोजावेत.