विस्कॉन्सिनमध्ये हरणाच्या शिकारीला पहिल्यांदा जाताय? आधी परवाना, मग बंदूक

ऑक्टोबर सरत आला की नव्याने आलेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. "ताई, ऑफिसमधले सगळे हरणाच्या शिकारीला चाललेत, मलाही बोलावलंय. जाऊ का?" जरूर जा. मी कराडहून मॅडिसनजवळ राहायला आले त्याला अठरा वर्षं झाली आणि गेले बारा हिवाळे मी शिकारीला जाते. पण एक गोष्ट तुमचे इथले मित्र सांगणार नाहीत, कारण त्यांच्यावर ती वेळच आलेली नसते.

ती म्हणजे व्हिसा. तुम्ही एच-वन बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. त्यातले अपवाद मोजके. आपल्या उपयोगाचा म्हणजे इथल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकार परवाना. म्हणून परवाना आधी, बंदूक नंतर. मित्र मायेने "धरून तर बघ" म्हणत रायफल पुढे करतो, तेव्हाही हाच क्रम. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. व्हिसाची मुदत उलटली असेल किंवा कागदपत्रांत काही अडकलं असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय बंदुकीच्या वाटेला जाऊ नका.

परवाना राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडून मिळतो. इथे सगळे त्याला डीएनआर म्हणतात. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. तो वर्गात बसून करा. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कधी कुणाकडे वळवायची नाही, हरणाच्या मागे काय आहे ते दिसल्याशिवाय नेम धरायचा नाही, मारायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचं. हे चार नियम वाचून कळतात, पण अंगात मुरायला शिकवणारा शेजारी उभा लागतो. मला जमलं तर पहिल्या वर्षी सगळ्यांना मी बिनबंदुकीचंच पाठवेन, नुसतं सोबतीला.

बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. कमरेवरच्या कपड्यांचा निम्मा भाग तरी भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवा, टोपीचंही तसंच. मचाणावर बसणार असाल तर अंगभर पट्टा बांधल्याशिवाय पाय वर टाकू नका आणि बंदूक खांद्याला लटकवून चढू नका. ती रिकामी करून दोरीने वर ओढायची. बाकी महागड्या सामानाची घाई नको. बूट मात्र चांगले घ्या.

खरी गोष्ट वाऱ्याची. हरणाला आपण दिसण्याआधी आपला वास लागतो, आणि आपल्या घरांत वास असतो तो हिंग-मोहरीच्या फोडणीचा. माझा शिकारीचा कोट वर्षभर गॅरेजमध्ये बंद डब्यात असतो, स्वयंपाकघराच्या वाऱ्यालाही उभा करत नाही. बसण्याच्या जागी पोहोचलात की चिमूटभर बिनवासाची पावडर हवेत सोडा आणि ती कुठे जाते ते बघा. ज्या पायवाटेवर खुरांचे ठसे आणि ताज्या लेंड्या दिसल्या, तिकडेच पावडर जात असेल तर जागा बदला. मग बसून राहा. पहाटे झाडं काळी असतात, हळूहळू करडी होतात, पानांवरून खार पळाली तरी काळीज धडधडतं. बहुतेक दिवशी एवढंच होतं, आणि तो दिवस वाया गेला असं मला कधी वाटलेलं नाही.

हरीण आडवं उभं असेल, पुढच्या खांद्यामागची फुफ्फुसाची जागा मोकळी दिसत असेल, तरच चाप ओढा. गोळी लागल्यावर हलू नका. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी मी एका मादीवर गोळी झाडली आणि लगेच तिच्या मागे धावले. ती थोड्याच अंतरावर झुडपात बसली होती. माझ्या चाहुलीने उठली आणि कुंपणापलीकडे गेली. परक्याच्या जमिनीत जखमी हरणामागेही विचारल्याशिवाय जाता येत नाही. परवानगी मिळेपर्यंत काळोख पडला. सकाळी ती सापडली, तेव्हा कोल्हे येऊन गेले होते. त्या जिवाला मी विनाकारण हाल दिले, हे अजून बोचतं. म्हणून सांगते, अर्धा तास घड्याळ बघून थांबा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुफ्फुस, हरीण जवळच पडलेलं असतं. हिरवट, आंबूस वासाचं काही दिसलं तर गोळी पोटात लागली आहे. मग कित्येक तास थांबावं लागतं.

हरीण मिळाल्यावर आतडी-कोठा लगेच काढा, मांस थंड होऊ द्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करा. त्यानंतर तपासणी. सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला, तोही आमच्याच डेन काउंटीत. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे, आणि कुकरच्या कितीही शिट्ट्या काढल्या तरी तो रोग मरत नाही. डीएनआर फुकट तपासून देतं. मांस दुकानात कापायला दिलंत तर "माझं वेगळं ठेवा" म्हणून सांगा. निकाल येईपर्यंत पिशव्यांवर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा.

शिंगं गावी न्यायचा विचार मनात आणू नका. आपल्याकडे १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. घरच्यांना फोटो पाठवा.

आणि स्वयंपाक. हरणाची चरबी ताटात थिजते आणि टाळूला चिकटते, ती सगळी काढून टाका. पाठीच्या कण्यालगतचं मांस मीठ-मिरी लावून तव्यावर दोन-तीन मिनिटं उलटसुलट केलं की पुरे, जास्त शिजवलंत तर चिवट होतं. खांदा आणि मान मात्र मटणासारखे: कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, मंद आच. रस्सा झाला की पहिला डबा ज्यांच्या जमिनीत शिकार केली त्यांच्याकडे पोहोचवा. आमचे शेजारचे शेतकरी आजोबा, ज्यांनी मला मचाणावर बसायला शिकवलं, ते आता सोबत भाकरीही मागून घेतात.